द पीअरेज डॉट कॉम : इंग्रज उमराव घराण्यांच्या वंशावळीसाठी कितपत भरवशाचे?

इंग्लंडमधल्या एखाद्या लॉर्डाच्या घराण्याची वंशावळ लावायला घेतली की पहिला शोध बहुतेक वेळा ‘द पीअरेज डॉट कॉम’वरच नेऊन सोडतो. सात लाखांहून जास्त व्यक्तींच्या नोंदी आहेत, वर्गणी नाही, आणि हा सगळा पसारा न्यूझीलंडमधल्या एका माणसाने वर्षानुवर्षे खपून उभा केला आहे. या विषयात मोफत मिळणाऱ्या साधनांमध्ये याच्या तोडीचे दुसरे नाही. पण ते वापरायची रीत ठाऊक नसेल तर पाच पिढ्या झटक्यात जुळतात आणि त्यातली एखादी भलत्याच माणसाला चिकटलेली असते.

हे संकेतस्थळ कुठे तारते आणि कुठे दगा देते, ते एकाच घराण्यावर नीट दिसावे म्हणून इथे क्लाइव्ह घराणे घेतले आहे. प्लासीचा रॉबर्ट क्लाइव्ह आपल्याला शाळेपासून माहीत असतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, तेव्हा जमिनीवरच्या फौजेचे नेतृत्व याच क्लाइव्हकडे होते. घराणे श्रॉपशर परगण्यातले, मार्केट ड्रेटनजवळच्या स्टाइच या गावचे. मुलगा अर्ल (बॅरन आणि व्हायकाउंट यांच्या वरचा उमराव) झाला, नातवाने आडनाव बदलले, दुसऱ्या नातवाची शाखा वेगळ्याच पदवीकडे गेली. उमराव वंशावळीतल्या बहुतेक अडचणी या एका घरात सापडतात.

आधी पानाची रचना पाहू. एका पानावर साधारण दहा व्यक्ती असतात. प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक, नावाखाली स्त्री की पुरुष, जन्म-मृत्यू, मग आईवडील, विवाह, मिळालेल्या पदव्या आणि शेवटी मुलांची यादी. आईबापांत आधीचे रक्ताचे नाते किती होते हे टक्क्यांत सांगणारा आकडाही दिलेला असतो. चुलत-मावस घरांत लग्ने होणाऱ्या या वर्गात तो उपयोगी पडतो. नोंद शेवटची कधी सुधारली ती तारीखही असते. ती जरूर पाहावी. वीस वर्षांपूर्वी हात लागलेली नोंद आणि मागच्या वर्षी दुरुस्त झालेली नोंद यांना एकाच मापाने मोजू नये.

स्त्रियांच्या नोंदी माहेरच्या नावाने असतात आणि ‘अमुक तारखेपासून आडनाव तमुक झाले’ असे वाक्य पुढे येते. त्यामुळे काउंटेस ऑफ पॉविस, म्हणजे अर्ल ऑफ पॉविसची बायको, शोधायची तर हेन्रिएटा हर्बर्ट या नावाने शोधावे लागते. आडनावांची सूची मोठ्या घराण्यांसाठी लांबच लांब आहे आणि एकाच नावाची माणसे तीत रांगेने उभी असतात. त्यापेक्षा गूगलमध्ये संकेतस्थळाचे नाव, पदवी आणि मृत्यूचे साल असे तिन्ही घालून शोधले तर नेमके पान लवकर मिळते.

आता मुद्द्याचे. या संकेतस्थळाची खरी किंमत पानाच्या तळाशी आहे. तिथे प्रत्येक माहितीपुढच्या छोट्या आकड्याचा आधार दिलेला असतो, आणि आधाराला कंसात खूण असते. ‘एस ६’ म्हणजे कोकेन यांचा ‘द कम्प्लीट पीअरेज’. ‘एस ३७’ म्हणजे बर्कच्या पीअरेजची २००३ सालची १०७वी आवृत्ती, खंड आणि पानासह. याखेरीज कुणा वाचकाने ई-मेलने कळवलेली माहितीही असते आणि तिथे तसे स्पष्ट लिहिलेले असते. काही वाक्यांपुढे आकडाच नसतो. वंशावळ उतरवून घेताना नावाशेजारी ही खूण लिहिली नाही तर सहा महिन्यांनी कोणती कडी पक्की आणि कोणती ऐकीव हे सांगता येत नाही.

या आधारांत फरक कशाचा, हे समजून घ्यावेच लागते. कोकेनचा ग्रंथ आधी १८८७ ते १८९८ मध्ये आठ खंडांत आला, मग १९१० पासून सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली आणि दुरुस्त्यांचा चौदावा खंड १९९८ मध्ये आला. तळटीपा कडक, कागदपत्रांवर भर, आणि दंतकथांना थारा नाही. मर्यादा एकच पण मोठी : तो पदवीधारकांपुरताच बोलतो. धाकटे भाऊ, बहिणी, त्यांची मुले यांच्यासाठी त्यात जागा नाही. पदवी कुणाकडून कुणाकडे गेली, कधी गेली आणि का खुंटली, याचे उत्तर मात्र तिथेच शोधावे.

बर्कचे काम आपल्याकडच्या कुलवृत्तांतासारखे चालते. १८२६ पासून निघणाऱ्या या ग्रंथात शाखा-उपशाखा भरभरून सापडतात, कारण माहिती मुख्यतः घराण्यांकडूनच येते. म्हणून शेवटच्या तीन-चार पिढ्यांसाठी बर्क उत्तम. आजी-आजोबांची, चुलत्यांची माहिती घरच्यांना पक्की असते. जसजसे मागे जावे तसतसा घराण्याचा अभिमान लेखणी धरू लागतो. अर्ल ऑफ डेनबी यांचे फील्डिंग घराणे आपण थेट हॅब्सबर्ग राजवंशातले असल्याचे सांगत असे, आणि ते बर्कमध्येही छापले जात होते. वंशावळींचे अभ्यासक जे. होरेस राउंड यांनी १९०१ मध्ये मूळ सनदा तपासून तो दावा बनावट कागदांवर उभा असल्याचे दाखवून दिले. तेव्हा इंग्लंडवरच्या नॉर्मन विजयाच्या (१०६६) सुमाराचा पूर्वज, त्याच्या पराक्रमाची गोष्ट आणि मधल्या दोनशे वर्षांत नुसती नावे असे दिसले की ती कडी ‘असिद्ध’ म्हणून बाजूला ठेवावी. द पीअरेज डॉट कॉम बर्कची माहिती प्रामाणिकपणे उतरवते, म्हणजे बर्कचे दोषही तितक्याच प्रामाणिकपणे उतरतात.

पदव्यांच्या जागी नवखा माणूस हमखास घसरतो. ‘पहिला अर्ल ऑफ पॉविस’ या वर्णनाची माणसे तीन आहेत. १६७४ मध्ये विल्यम हर्बर्ट, १७४८ मध्ये हेन्री आर्थर हर्बर्ट आणि १८०४ मध्ये एडवर्ड क्लाइव्ह. पदवी प्रत्येक वेळी खुंटली आणि नव्याने निर्माण झाली, म्हणून क्रमांकही पुन्हा एकपासून सुरू. दुसऱ्या वेळचा दुसरा अर्ल जॉर्ज हर्बर्ट १८०१ मध्ये अविवाहित वारला. त्याची बहीण हेन्रिएटा हिचे लग्न १७८४ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हच्या थोरल्या मुलाशी, एडवर्डशी झाले होते. तीन वर्षांनी मेव्हण्याची पदवी एडवर्डला नव्याने देण्यात आली. ती वारसाने आलेली नव्हे. ‘दुसऱ्या अर्लनंतर तिसरा अर्ल एडवर्ड’ असे कुणी मांडले तर ते सरळ चूक. शिवाय १८०४ नंतरच्या पहिल्या तीन अर्लांची नावे एडवर्डच आहेत : एडवर्ड क्लाइव्ह १७५४–१८३९, एडवर्ड हर्बर्ट १७८५–१८४८ आणि एडवर्ड जेम्स हर्बर्ट १८१८–१८९१. पदवीपुढे निर्मितीचे साल आणि माणसापुढे जन्म-मृत्यूची साले लिहिल्याशिवाय पुढे सरकू नये.

‘लॉर्ड क्लाइव्ह’चेही तसेच. १७६२ ते १७७४ या काळातल्या कागदात तो रॉबर्ट. पुढे १८०४ पर्यंत त्याचा मुलगा एडवर्ड. टिपूविरुद्धच्या १७९९ च्या युद्धाच्या वेळी मद्रासचा गव्हर्नर असलेला लॉर्ड क्लाइव्ह तो हाच मुलगा; प्लासीवाला तर १७७४ मध्येच वारला होता. १८०४ नंतर ‘व्हायकाउंट क्लाइव्ह’ ही अर्लच्या थोरल्या मुलाने मानाने वापरायची दुय्यम पदवी झाली. त्या नावाचा माणूस दर पिढीत बदलतो आणि अशी पदवी असतानाही तो हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसू शकतो. रॉबर्टची स्वतःची बॅरनची पदवी आयरिश होती. तिच्या नावात ‘प्लासी’ येते, पण सनदेत परगणा आयर्लंडमधला क्लेअर, कारण तिथल्या आपल्या जमिनीला त्याने प्लासी हे नाव दिले होते. आयरिश लॉर्डाला ब्रिटिश कॉमन्समध्ये निवडून येता येई, म्हणून तो मरेपर्यंत श्रूजबरीचा खासदार राहिला.

खासदारकीचा मुद्दा असा अधोरेखित करायचे कारण आहे. ‘हिस्टरी ऑफ पार्लमेंट’चे मोफत संकेतस्थळ हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित खजिना आहे. प्रत्येक खासदाराच्या नोंदीच्या डोक्यावर जन्म, कितवा मुलगा, आईवडील, शिक्षण, विवाह, मुलगे-मुली किती आणि वडिलांच्या जागी कधी आला हे चार-पाच ओळींत बसवलेले असते, आणि ते इतिहासकारांनी तपासलेले असते. उमराव घराण्यातले धाकटे मुलगे, ज्यांना कोकेन विचारत नाही, ते बहुधा इथे सापडतात. संक्षेप मात्र शिकून घ्यावेत. ‘डी.एस.पी.’ म्हणजे निपुत्रिक वारला, ‘डी.व्ही.पी.’ म्हणजे बाप हयात असताना वारला. दुसरी खूण नजरेआड झाली की बापाची पदवी नातवाकडे थेट कशी गेली हे कोडे होऊन बसते.

आडनावबदलाने तुटलेले धागे ‘द गॅझेट’च्या, म्हणजे ब्रिटिश सरकारी राजपत्राच्या, मोफत संग्रहात जोडता येतात. पहिल्या अर्लच्या थोरल्या मुलाने १८०७ मध्ये राजाच्या परवान्याने हर्बर्ट हे आडनाव घेतले. आईच्या माहेरची पॉविसची मालमत्ता त्याच्या वाट्याला आली होती. धाकटा भाऊ रॉबर्ट हेन्री क्लाइव्हच राहिला. सख्खे भाऊ, आडनावे दोन. असे परवाने ‘लंडन गॅझेट’मध्ये छापले जात. शोधताना दोन अडचणी येतात : १८०० पूर्वीच्या छपाईतला लांब ‘एस’ संगणक ‘एफ’ म्हणून वाचतो, आणि ‘पॉविस’चे स्पेलिंग कधी ‘आय’ने, कधी ‘वाय’ने येते. दोन्ही स्पेलिंगे टाकून पाहावीत.

रॉबर्ट हेन्रीच्या शाखेतून पदवीचा आणखी एक नियम उलगडतो. सनदेने दिलेली पदवी साधारणपणे फक्त पुरुष वंशात उतरते. पण राजाच्या बोलावण्याच्या पत्राने निर्माण झालेल्या जुन्या बॅरन पदव्या मुलींकडेही जातात, आणि बहिणी एकाहून जास्त असल्या तर थोरली-धाकटी असा भेद नसल्याने पदवी अधांतरी राहते. विंडसरची बॅरनी १८३३ मध्ये अशीच अडकली. १८५५ मध्ये ती लेडी हॅरिएटच्या बाजूने मोकळी झाली. ही हॅरिएट म्हणजे रॉबर्ट हेन्रीची बायको. तिथून पुढचे वंशज विंडसर-क्लाइव्ह झाले आणि १९०५ मध्ये त्यांच्याकडे अर्ल ऑफ प्लिमथ ही पदवी आली. चौथ्या अर्ल ऑफ पॉविसच्या घरात तर दोन पदव्यांच्या वाटा उघडच फुटल्या. त्याच्या बायकोची डार्सी डी नेथ ही बॅरनी मुलाकडून १९४३ मध्ये नातीकडे गेली. अर्लपद मात्र १९५२ मध्ये चुलत शाखेकडे वळले. पदवी आणि रक्ताची वाट एकच असते असे धरून चालले की इथे सगळे बिनसते. द पीअरेज डॉट कॉमवर दोन्ही वाटा दाखवलेल्या असतात, पण त्या का फुटल्या याचे स्पष्टीकरण नसते. ते कोकेनमध्ये वाचावे.

सांगाडा उभा राहिला की पुराव्याकडे वळायचे. १ जुलै १८३७ नंतरचे जन्म-मृत्यू-विवाह सरकारी नोंदीत आहेत. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या जन्मसूचीत आईचे माहेरचे आडनाव मिळते, म्हणून इतर सूचींपेक्षा तीच वापरावी. त्याआधीचे सगळे चर्चच्या वह्यांत, १५३८ पासून पुढे. या वह्यांत बाप्तिस्म्याची तारीख असते. जन्माची असेलच असे नाही. १७५२ पूर्वी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीत फेब्रुवारी १७२४ लिहिले असेल तर आजच्या हिशेबाने ते १७२५. म्हणून १७२४/२५ असे जोडसाल लिहायचे. रॉबर्टचा जन्म २९ सप्टेंबर १७२५, तिथे हा घोळ नाही. त्याचे मद्रासमधले लग्न १८ फेब्रुवारी १७५३ चे, तेव्हा नवी गणना लागू झालेली होती. दोन वर्षे आधीचा फेब्रुवारी असता तर साल तपासावे लागले असते. आणखी एक ध्यानात ठेवावे : उमरावांची लग्ने बऱ्याचदा कँटरबरीच्या आर्चबिशपच्या खास परवान्याने घरातच लागत. गावच्या वहीत लग्न न सापडले तर लॅम्बेथ पॅलेस लायब्ररीतले परवान्यांचे कागद पाहावेत.

मृत्युपत्रांइतका रसाळ पुरावा दुसरा नाही. १३८४ ते १२ जानेवारी १८५८ या काळात बड्या लोकांची मृत्युपत्रे कँटरबरीच्या न्यायालयात सिद्ध होत. त्यांच्या नकला नॅशनल आर्काइव्हजच्या ‘प्रॉब ११’ मालिकेत आहेत आणि २०२० पासून नावनोंदणी केलेल्यांना त्या मोफत उतरवून घेता येतात. सूचीतली तारीख न्यायालयात सिद्ध झाल्याची असते. मृत्यू त्याआधी महिने, कधी वर्षेही. शोध आडनावाने आणि पदवीने, दोन्ही तऱ्हांनी करावा. वाचताना नात्यांचे शब्द आजच्या अर्थाने घेऊ नयेत : त्या काळचा ‘सन-इन-लॉ’ सावत्र मुलगा असू शकतो, ‘ब्रदर’ मेव्हणा असू शकतो आणि ‘कझिन’ कोणीही. सर्वांत घातक चूक म्हणजे थोरल्या मुलाचे नाव मृत्युपत्रात नाही म्हणून तो नाकारला गेला किंवा आधीच मेला असे मानणे. इस्टेट लग्नाच्या वेळच्या करारानेच थोरल्याच्या नावे बांधलेली असे, त्यामुळे मृत्युपत्रात तिचा उल्लेख करायची गरजच नसे. बापाने तिथे फक्त रोख पैसा, दागिने, धाकट्यांची आणि मुलींची तरतूद लिहिलेली असते. म्हणूनच विवाहित मुलींची सासरची नावे मृत्युपत्रात सापडतात.

भारतात आलेल्या शाखांसाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी लागतात : ‘एन १’ बंगाल, ‘एन २’ मद्रास, ‘एन ३’ मुंबई. पुणे, खडकी, अहमदनगर इथल्या छावण्यांतले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने ‘एन ३’मध्ये पाहावीत. या लंडनला पाठवलेल्या नकला आहेत. नक्कल करणाऱ्याच्या हातून नाव बिघडलेले असू शकते आणि मूळ वही कधी कधी इथल्या चर्चमध्येच असते. द पीअरेज डॉट कॉम इथे फार तोकडे पडते. भारतीय आईपासून झालेली मुले छापील पीअरेज ग्रंथांनी बहुतेक गाळलेली आहेत. बाप्तिस्म्याच्या वहीत मात्र ‘नॅचरल’, म्हणजे अनौरस, मुलगी किंवा मुलगा म्हणून ती दिसतात. फायंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर या नोंदींच्या प्रतिमा वर्गणी भरून मिळतात; ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’, म्हणजे फिबिस, हिची सूची मोफत शोधता येते. आधी फिबिस, मग वर्गणी, हा क्रम खिशाला परवडतो. ब्रिटिश लायब्ररीच्या ऑनलाइन सेवा ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात कोलमडल्या होत्या, तेव्हा लंडनला जायचे तर कागद मिळणार की नाही हे आधी विचारून घ्यावे.

पैसे मोजून काम करून घ्यायचे असेल तर लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स आहे. १४८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे १५३० ते १६८८ या काळात परगण्या-परगण्यांत फिरून हेराल्डांनी (कुलचिन्हे आणि वंशावळी तपासणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यांनी) नोंदवलेल्या वंशावळी आहेत. तिथे स्वतः जाऊन दफ्तर चाळता येत नाही. त्यांचा अधिकारी शुल्क घेऊन शोध घेतो. घराण्याचे कुलचिन्ह किंवा १७व्या शतकापूर्वीची कडी सिद्ध करायची असेल तरच हा खर्च करावा. श्रॉपशरची १६२३ ची फेरी हार्लियन सोसायटीने १८८९ मध्ये दोन खंडांत छापली आहे, ती आधी पाहावी. हल्लीचा पदवीधारक कोण हे मात्र कॉलेजच्या संकेतस्थळावरील ‘रोल ऑफ द पीअरेज’मध्ये मोफत कळते. वारसा सिद्ध केल्याशिवाय त्यात नाव चढत नाही, त्यामुळे तो बर्कपेक्षा जास्त अधिकृत.

ॲन्सेस्ट्री किंवा जेनी या संकेतस्थळांवरच्या, लोकांनी बनवलेल्या वंशवृक्षांसाठी स्वतंत्र वर्गणी भरू नये. त्यांतली उमराव घराणी बहुतेक द पीअरेज डॉट कॉमवरूनच उतरवलेली असतात आणि उतरवताना तळटीपा गळून पडतात. वीस वंशवृक्षांत एकच तारीख दिसली म्हणजे वीस पुरावे झाले असे नाही.

क्लाइव्ह-हर्बर्ट घराण्याविषयीचे कागद तीन ठिकाणी विभागलेले आहेत : रॉबर्टच्या भारतातल्या कारभाराचे दप्तर ब्रिटिश लायब्ररीत ‘मॅन्युस्क्रिप्ट युरोपियन जी ३७’ या क्रमांकाखाली, पॉविस इस्टेटचे आणि रॉबर्टचे आणखी कागद ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये, आणि स्टाइच ज्या मोर्टन से पॅरिशमध्ये येते तिथल्या वह्या श्रूजबरीच्या श्रॉपशर आर्काइव्हजमध्ये. पत्र लिहिताना व्यक्तीचे नाव, साल आणि दप्तराचा क्रमांक तिन्ही द्यावे. नुसते ‘लॉर्ड क्लाइव्हबद्दल माहिती हवी’ असे लिहिले तर बाप की मुलगा, हा प्रश्न पहिल्याच उत्तरात परत येतो.